उरलेलं लोखंड

मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुनी इंजिनं बांधून देणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे एक शेतकरी पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन आला होता. हेड उतरवलेलं, पिस्टन पोत्यात गुंडाळलेला, आणि खिशात पिस्टनभोवती बसणाऱ्या नव्या रिंगांचं पाकीट. इंजिन धूर फेकतं, तेल पितं, हँडल मारताना दाब लागत नाही. रिंगा बदलल्या की काम झालं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मिस्त्रींनी पाकिटातली एक रिंग काढली आणि पिस्टनवर न चढवता तशीच लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याच्या आत वरखाली होतो त्या नळकांड्यात, सोडली. ती तिरपी राहू नये म्हणून पिस्टन उलटा धरून तिला अलगद खाली सरकवलं आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं घातली. वरच्या भागात, जिथं रिंगेचा फेरा संपतो तिथं, फट निघाली १.१० मिलिमीटर. मग तीच रिंग लायनरच्या अगदी तळाशी, जिथं रिंगा कधी पोचतच नाहीत, तिथं नेली. फट ०.३५. दोन्हींतला फरक ०.७५, त्याला ३.१४ नं भागलं की व्यासातली झीज निघते, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर. मिस्त्रींनी कागद-पेन्सिल घेतली नाही. रिंग पुसली, तेलकट कागदात परत ठेवली आणि पाकीट शेतकऱ्याच्या हातात दिलं. “रिंगा वापस करजा भाऊ. लायनर गेला.” शेतकरी थोडा वेळ पाकिटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मले इंजिन नवं नाई करायचं मिस्तरी. हरभऱ्याले दोन पाणी द्याचे आहेत. एवढा हंगाम निघाला म्हंजे झालं.”

या दोन वाक्यांपैकी कुणाचं खरं, हे काही केल्या सुटेना.

मिस्त्रींचं म्हणणं समजायला लायनर कसा झिजतो ते पाहावं लागतं. रिंग वर जाते, क्षणभर थांबते आणि खाली वळते. तेलाचा थर टिकायला वेग लागतो. थांबण्याच्या जागी वेगच नसतो, म्हणून तिथं थर सगळ्यात पातळ. नेमका त्याच वेळी डिझेल पेटतं, वायू रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि उष्णताही तिथंच जास्त. त्यामुळे लायनर वरून खालपर्यंत सारखा झिजत नाही. वर पोट सुटतं, आणि त्याच्याही वर, जिथं रिंग पोचत नाही तिथं, न झिजलेल्या बीडाची (ओतीव लोखंडाची) एक पायरी उभी राहते. बोटाचं नख वरच्या बाजूला फिरवलं की ते तिला अडतं. जुनी रिंग लायनरच्या संगतीनं झिजलेली असते, तिची कडा गोल झालेली असते, ती पायरीला बिलगून परत फिरते. नव्या रिंगेची कडा चौकोनी. त्यात बिगएंडचं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकच्या दांड्याला जोडतात तिथलं, बेरिंगही नवं टाकलं असेल तर पिस्टन केसभर आणखी वर जातो, आणि रिंग प्रत्येक फेऱ्याला पायरीवर आपटते. आधी बारीक टकटक येते, मग वरची रिंग तुटते, तिचे तुकडे पिस्टनची खाच खातात आणि लायनरवर उभे ओरखडे ओढतात. पायरी काढून टाकली तरी पोट सुटलेल्या लायनरमध्ये रिंगेला मिनिटाला १५०० वेळा उघडत-मिटत राहावं लागतं. ती कितीही नवी असली तरी तिचं भिंतीशी जमत नाही.

तरीही, फक्त रिंगा टाकून पायरी घासून दिली असती, तर ते इंजिन चाललंच नसतं असं नाही. चाललं असतं. धूर कमी झाला नसता, तेल पीत राहिलं असतं, पण हरभऱ्याची दोन पाणी कदाचित झाली असती. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

शेडमध्ये शिरलं की आधी वास येतो: डिझेल, जळकं कटिंग ऑइल, आणि कापसाच्या दिवसांत बाजूच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याकडून, म्हणजे जिनाकडून, येणारा सरकीचा. लेथखाली दोन तऱ्हेचा कीस पडलेला असतो. पोलाद कापलं की लांब निळसर गुंडाळ्या निघतात. बीड कापलं की काळी कोरडी भुकटी, जी बोटांच्या रेषांत बसली की साबणानंही निघत नाही. एक मोठा, पंजाबातल्या बटाल्याचा लेथ, एक लहान, एक उभं बोरिंग मशीन, हातानं फिरवायचा प्रेस, आणि भिंतीशी पाळीची वाट पाहणारी इंजिनं. किर्लोस्करची ‘एव्ही वन’ सगळ्यात जास्त: ८० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), ११० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास), मिनिटाला १५०० फेरे, पाच हॉर्सपॉवर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्याला १९४६ साली उभी राहिली आणि विहिरीवर, गिरणीवर, मळणीयंत्रावर ही लहान उभी इंजिनं गावोगाव पोचली. तिचं थोडं मोठं भावंड, ८७.५ मिलिमीटर बोअरचं ‘टीव्ही वन’, आज देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रयोगशाळांत उभं आहे. करंजाच्या तेलापासून कशाकशावर ते चालवून पाहिलेलं आहे. त्यांच्या बाजूला साताऱ्याचं एखादं कूपर. आणि मग लिस्टर घडणीची मोठी, संथ इंजिनं: साडेचार इंच बोअर, साडेपाच इंच स्ट्रोक, ६५० फेरे, दोन्हीकडे आऱ्यांची फ्लायव्हीलं (जड चाकं). मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्सलीचं. तिथं ते १९८७ पर्यंत बनत होतं, पण आपल्याकडे दिसतात ती बहुतेक राजकोटची. शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, एका जुन्या जिनातून काढलेलं आडवं रस्टन इंजिन आहे, ज्याची बेरिंगं अजून ओतीव व्हाइट मेटलची आहेत. जुनं यंत्र सांभाळून चालवणं या भागाला नवं नाही. याच मूर्तिजापूरवरून धावलेल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज रेल्वेगाडीला मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं.

या शेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ मोजण्यात जातो, आणि मोजण्याला पैसे मिळत नाहीत. लायनर आला की तो लगेच मोजत नाहीत. मे महिन्यात छोट्या टेम्पोतून उन्हात तापत आलेला लायनर आणि कपाटात ठेवलेला मायक्रोमीटर यांच्यात वीस अंशांचा फरक सहज असतो. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरच्या बोअरला वीस अंशांत दीड-पावणेदोन शतांश मिलिमीटरची चूक होते. पिस्टन आणि लायनरमधली जागाच काही शतांशांची, तिथं एवढी चूक म्हणजे चांगला लायनर बाद किंवा बाद लायनर पास. म्हणून लायनर, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच फरशीवर ठेवतात आणि सकाळी, पत्रा तापायच्या आत मोजतात. बोअर तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. आडव्या दिशेला झीज जास्त असते, कारण तिरपा झालेला कनेक्टिंग रॉड पिस्टनला त्या भिंतीवर रेटतो.

क्रँकचंही तसंच. बिगएंडचं जर्नल, म्हणजे बेरिंग बसतं तो गोल भाग, दोन टोकांना आणि प्रत्येकी दोन दिशांनी मोजायचं, म्हणजे ते लांबटगोल झालंय का आणि एका बाजूला निमुळतं झालंय का, ते कळतं. निमुळतं निघालं तर मिस्त्री क्रँकवर थांबत नाहीत, रॉड वाकलाय का ते पाहतात. कारण सरळ रॉडखाली जर्नल सहसा एका कडेला झिजत नाही. रॉडच्या दोन्ही डोळ्यांत पिना घालून त्यांच्या टोकांमधलं अंतर दोन्हीकडून मोजलं की वाक कळतो. क्रँक घासायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बाजारात शेल (बेरिंगच्या अर्धगोल वाट्या) मिळतात ते ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दर पायरीला पाव मिलिमीटर. चार पायऱ्या संपल्या की क्रँक भंगारात. शहरातल्या ग्राइंडिंगवाल्याकडे क्रँक गेली की ती एका पायरीनं खाली येणारच, तिला गरज असो वा नसो. मशीनवर चढवली की घासूनच उतरते. मिस्त्रींकडे आलेल्या एका क्रँकचं जर्नल दोन शतांश मिलिमीटरनं लांबटगोल होतं. त्यांनी बारीक एमरीची पट्टी तेलात भिजवून, दोरीनं जर्नलला वेढा देऊन, नुसतं पॉलिश केलं आणि स्टँडर्ड शेल घातले. “काढलेलं लोखंड वापस लावता येत नाई,” ते म्हणाले, “अन् वेल्डिंग करून लावलं तं क्रँक वाकते.” घासायचीच वेळ आली तर एक गोष्ट ते परत परत बजावतात: जर्नल जिथं क्रँकच्या भिंतीला भेटतं तिथली गोलाई तशीच ठेवायची. घाईत दगडानं तो कोपरा काटकोनात कापला की क्रँक दिसायला स्वच्छ दिसते आणि काही महिन्यांनी नेमकी तिथूनच तुटते, कारण सगळा ताण त्या धारेवर गोळा होतो.

त्यांची एक वही आहे. इंजिनाचा नंबर, आणि पुढे काय उरलं आहे त्याची नोंद: क्रँक वीसवर, म्हणजे अजून दोन पायऱ्या, हेड किती वेळा फेस केलं (सपाट कापलं), ब्लॉकची लायनर बसायची खाच किती खाल्ली गेली, फ्लायव्हीलच्या चावीची (चाकाला दांड्यावर घट्ट धरणाऱ्या पाचरेची) खाच मूळ मापाची की मोठी केलेली. काय बदललं हे त्यात जवळजवळ नसतंच. दुरुस्तीची नोंद ठेवणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, शिलकीची ठेवणारा हा पहिलाच पाहण्यात आला, आणि मला वाटतं सगळं कसब त्या वहीत आहे. या जुन्या इंजिनांच्या घडणीत जास्तीचं लोखंड मुद्दाम ठेवलेलं असतं. जर्नल चार वेळा घासता यावं एवढं जाड, लायनर काढून दुसरा घालता यावा असा सुटा. ती पुंजी आहे, आणि प्रत्येक दुरुस्ती तिच्यातून काहीतरी काढते. वाईट दुरुस्ती दोन-तीन वेळचं एकदमच काढते. इंजिन चालू होऊन जातं, गिऱ्हाईक खूश असतो, आणि झालेलं नुकसान पुढच्या उघडणीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

व्हाइट मेटल ओतायचं काम आता फार थोड्यांना येतं, त्यामुळे त्या रस्टनच्या बेरिंगजवळ जरा थांबायला हवं. या मिश्रधातूत शंभरात ८९ भाग कथील, साडेसात अँटिमनी आणि साडेतीन तांबं. मऊ कथिलात अँटिमनी आणि तांब्याचे कठीण कण विखुरलेले असतात. कण वजन पेलतात, कथील शाफ्टशी जुळवून घेतं, आणि तेलातून एखादा खडा आलाच तर त्याला पोटात घेऊन शाफ्ट वाचवतं. आधी जुना धातू वितळवून काढायचा. मग शेल खरवडून, ॲसिडनं धुऊन, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे विरघळवून केलेलं फ्लक्स लावून, तापवून त्यावर कथिलाचा पातळ हात फिरवायचा. हा हात चांदीसारखा अखंड दिसायला हवा. कुठं काळा ठिपका राहिला तर तिथं धातू धरत नाही, आणि न धरलेली जागा पुढे पापुद्र्यासारखी सुटते. मधोमध शाफ्टच्या मापाहून बारीक मँड्रेल (गोल दांडा) उभं करायचं, त्याला ॲसिटिलीनच्या धुराची काजळी द्यायची म्हणजे धातू चिकटत नाही. फटी चिकणमातीनं बुजवायच्या आणि ती माती शेगडीजवळ ठेवून खडखडीत वाळवायची. ओलावा राहिला की वितळलेला धातू पडताक्षणी त्याची वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. या एका पायरीला मिस्त्री कुणालाही घाई करू देत नाहीत. धातू ओतायचा तो ४२० अंशांच्या आसपास. त्यांच्याकडे थर्मामीटर आहे, पण ते पऱ्हाटीची सोललेली काडीही बुडवतात: काडी लगेच तपकिरी पडली पण पेटली नाही, म्हणजे ताव बरोबर. पेटली तर धातू जास्त तापला. कथील जळून वर राख येते आणि ओतल्यावर दाणा जाड पडतो. शेल आणि मँड्रेलही गरम हवेत, नाहीतर धातू कडेलाच गोठतो. ओतायचं एका धारेत, न थांबता, आणि लगेच गरम तारेनं हलकेच ढवळून हवेचे बुडबुडे वर काढायचे.

थंड झाल्यावर शेल बोटांवर लटकवून हलकं ठोकतात. धातू सगळीकडे धरला असेल तर स्वच्छ ठणका येतो, सुटला असेल तर आवाज मंद. एवढ्यावर भरवसा न ठेवता शेल रॉकेलमध्ये भिजवून पुसायचं आणि कडेला खडूची भुकटी लावायची. सांध्यात कुठं पोकळी असेल तर आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मग लेथवर बोअर, आणि शेवटी हातानं स्क्रेपिंग. जर्नलला निळा रंग पुसटसा लावायचा, शेल बसवून फिरवायचं, काढून पाहायचं, जिथं निळं जास्त लागलं तिथं त्रिकोणी स्क्रेपरनं एक पापुद्रा उतरवायचा, परत बसवायचं. निळे ठिपके सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरेपर्यंत हेच. तेलाची खाच कडेपर्यंत न्यायची नाही, नाहीतर तेल बाहेर निघून जातं. आणि ज्या अर्ध्यावर स्फोटाचा भार येतो तिथं खाच पाडायचीच नाही, कारण भार पेलणारा तेलाचा थर तिथंच तुटतो. स्क्रेपरचा आवाज फार बारीक असतो. बाजूला लेथ चालू असेल तर ऐकूही येत नाही, म्हणून मिस्त्री हे काम वीज गेली की काढतात.

एका लिस्टर घडणीच्या इंजिनाची तक्रार होती ठोक्याची. त्याच्या मालकानं बिगएंड दोनदा बदललं होतं, गजन पिनचं (पिस्टनला रॉड जोडणाऱ्या पिनेचं) बुश बदललं होतं, ठोका तसाच. मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. इंजिन चालू करून लांब सळईचं एक टोक क्रँककेसला आणि दुसरं कानाजवळ लावलं, क्षणभर पंपाचं डिझेल तोडलं, परत सोडलं. बिगएंडचा ठोका असेल तर डिझेल तोडताच तो दबतो, कारण भार निघून जातो. पिस्टनचा खळखळाट इंजिन गरम झालं की कमी होतो. डिझेल वेळेआधी पडत असेल तर आवाज कोरडा, कडक येतो. इथला ठोका भार कमी असतानाच जास्त स्पष्ट होता. इंजिन बंद करून त्यांनी फ्लायव्हीलच्या चावीच्या डोक्याला बोट लावलं आणि दुसऱ्या हातानं फ्लायव्हील मागेपुढे झुलवलं. चावी हलत होती. ही चावी शंभराला एक अशी निमुळती असते. ती पूर्ण लांबीभर धरली नाही तर प्रत्येक स्फोटाला फ्लायव्हील केसभर मागे राहून खाचेवर आदळतं, आणि तो आवाज बिगएंडच्या ठोक्यासारखाच वाटतो. यात अनेक जण फसतात. अशी चावी काढताना डोक्यावर बाजूनं घण घालायचा नाही, डोकं तुटतं आणि मग ड्रिलनं कोरत बसावं लागतं. डोकं आणि हबच्या मध्ये पाचर ठोकत ती सरळ मागे ओढायची. नवी चावी निळा लावून, कानशीनं उतरवत, पूर्ण लांबीभर ठसा येईपर्यंत बसवायची. आणि बसवताना जोर दाखवायचा नाही, कारण फार ठोकलेल्या चावीनं फ्लायव्हीलचा हब चिरतो. ती सैल चावी तशीच चालली असती तर खाच मोठी होत होत क्रँकच्या टोकाला तडा गेला असता. त्या मालकाचे बिगएंडचे दोन्ही सेट निष्कारण गेले.

मूर्तिजापूर-दर्यापूरकडून येणाऱ्या इंजिनांच्या जॅकेटमध्ये, म्हणजे लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, खारपाणपट्टा दिसतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी लायनरच्या बाहेरच्या अंगावर क्षाराची पांढरी खपली धरतं आणि तिच्याखाली बीड खड्ड्याखड्ड्यांनी खातं. आतून गुळगुळीत असलेला लायनर बाहेरून चाळण झालेला निघतो. त्यावर इलाज एकच, पंपाचं पाणी जॅकेटमधून न फिरवता वेगळी टाकी ठेवायची आणि तेच पाणी फिरवत राहायचं. यातून दुसरा फायदाही होतो, तो फार जणांना पटत नाही. विहिरीचं थंडगार पाणी धो-धो जॅकेटमधून काढलं की इंजिनाला हात लावला तरी गार लागतं, आणि मालकाला अभिमान वाटतो. पण गार लायनरच्या भिंतीवर धुरातली वाफ दवासारखी बसते, डिझेलमधल्या गंधकाशी मिळून तिचं ॲसिड होतं आणि ते बीड खातं. तेल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, डिझेलचा फवारा सोडणारं नोझल काजळतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात फार वेळ ठेवता येऊ नये, साधारण साठ-सत्तर अंश असावं, एवढं इंजिन गरमच चालायला हवं. त्याच्या जोडीला हवेचा फिल्टर. तूर-सोयाबीनच्या मळणीत भुसा आणि काळ्या मातीची धूळ एवढी उडते की तेल भरलेल्या या फिल्टरचा दिवसाकाठी चिखल होतो. इंजिन गुदमरतं, काळा धूर येतो, आणि कुणीतरी फिल्टर काढून फेकतो. धूर लगेच थांबतो. पुढचे काही दिवस ते इंजिन धुळीनं आपला लायनर आतून घासत असतं. त्या हरभरेवाल्याचा लायनर असाच गेला होता; इनलेटच्या नळीत बोट घालून मिस्त्रींनी त्याला माती दाखवली.

सुट्या भागांची गोष्ट वेगळी कटकटीची आहे. राजकोटहून येणाऱ्या किटमध्ये चांगलं-वाईट दोन्ही असतं आणि खोक्यावरून कळत नाही. नवा लायनर ब्लॉकमध्ये बसवून त्याची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहते का ते पाहायचं. खाली राहिली तर गॅस्केट दाबली जात नाही आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. खालच्या रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून लायनर हातानं सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर रबर कापलं जाऊन पाणी तेलात येतं. गजन पिनचं बुश दाबून बसवल्यावर आकसतं, म्हणून त्यानंतरच रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) फिरवायचा. नव्या ओतीव क्रँककेसच्या कोपऱ्यांत ओतकामाची वाळू राहिलेली असते. ती तारेच्या ब्रशनं काढून, डिझेलनं धुऊन, आतून मोटर वायंडिंगवाले वापरतात तो लाल व्हार्निश लावून घ्यायचा. हे सगळं केलं तर नवा भाग जुन्यासारखा टिकतो. पण यात आठवडा जातो, आणि ज्याचा हरभरा सुकतोय त्याला आठवडा म्हणजे फार होतो. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा दिवसा पाणी द्यायला हे इंजिनच लागतं. तो माणूस हंगाम मोजतो, आणि त्याचं मोजणं चुकीचं नाही. पुष्कळ शेतांत आता सौरपंप बसले आहेत आणि ते योग्यच आहे. रात्री सापा-विंचवात पाणी द्यायला जाण्यापेक्षा ते हजार पटीनं बरं. त्यामुळे विहिरीवरची इंजिनं कमी होत जाणार, आणि जी राहतील ती मळणीवर, गिरणीवर.

त्या दिवशी शेवटी मिस्त्रींनीच दुकानदाराला फोन लावून पिस्टन-लायनरचं किट उधारीवर मागवलं आणि आपली मजुरी हरभरा निघाल्यावर द्यायला सांगितली. एव्ही वनचा लायनर सुटा असल्यानं बोरिंगचा वेळ लागला नाही, आणि ते इंजिन त्यांनी पाळी मोडून हाती घेतलं. क्रँक मोजली, ती दहावर होती आणि ठीक होती, तिला हात लावला नाही. भिंतीशी रांगेत असलेल्या एका गिरणीवाल्यानं यावर तक्रार केली. तीही रास्तच होती.

बांधलेलं इंजिन देताना ते सूचना तोंडी सांगतात आणि मालकाकडून परत म्हणवून घेतात. पहिले वीस-पंचवीस तास अर्ध्या भारावर, पण नुसतं रिकामं चालवायचं नाही; भार नसेल तर रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत, लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि तेल पिणं कायमचं राहतं. मग तेल गरम असतानाच बदलायचं. पहिल्या तासाभरानं बंद करून, बाजूचं झाकण उघडून बिगएंडला हात लावायचा. कोमट असावं, चटका बसू नये. हेडचे नट गरम करून थंड झाल्यावर एकदा परत आवळायचे, आणि त्यानंतर व्हॉल्व्हची फट परत लावायची, कारण नट आवळले की ती बदलते. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. दोनशे बारच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं आणि बाहेर जखम दिसतही नाही, पण तसं झालं तर लगेच दवाखाना.

आणि ज्यांच्या गोठ्यात, जिनात, वाड्याच्या मागे असं एखादं इंजिन वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांनी ते आणण्याआधी हँडल मारून फिरवायचा मोह आवरायचा. अडकलेला पिस्टन जोरानं फिरवला की रिंगा तुटतात आणि चांगला असलेला लायनरही ओरबाडला जातो. नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि तेल निम्मं-निम्मं मिसळून ओतायचं आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्यायचं. आटलं तर परत घालायचं. मग फ्लायव्हीलला हातानं, मागेपुढे, थोडं थोडं. व्हॉल्व्ह अडकले असतील तर पुशरॉड वाकतो, म्हणून रॉकर आधी उतरवून ठेवायचा. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकायचं. इंजिनाबरोबर त्याची चावी, रॉडची कॅप आणि कॅपखालचे शिम (पातळ पत्रे) न हरवता एका पिशवीत बांधून आणायचे. कॅप आणि रॉड एकत्रच बोअर केलेले असतात, दुसऱ्या रॉडची कॅप त्यावर कधीच नीट बसत नाही.